रिपीटरचं डेव्हिएशन किती ठेवायचं आणि ट्रिमरला हात लावण्याआधी काय मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. हौशी रेडिओ क्लबचा दोन मीटरवरचा (१४४ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) एफएम रिपीटर आहे, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर (इनपुटवर) ऐकून तेच दुसरीवर पुन्हा सोडणारं यंत्र, आणि १२.५ किलोहर्ट्झ अंतरावर दुसऱ्या क्लबचा रिपीटर आहे. तुमच्याकडे कुणी बोलायला लागलं की त्यांच्याकडे चरचर उमटते. तुम्ही ट्रान्समीटरचा डेव्हिएशन ट्रिमर (सिग्नल किती पसरायचा ते ठरवणारा स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा पेच) खाली आणलात, तर तुमचेच सभासद म्हणू लागले की आवाज बसलाय. परत वर केलात, परत तक्रार आली. मग आकडा कुठला धरायचा?

आकडा देतो. पण आधी शेजाऱ्यांना विचारा की चरचर नेमकी कुठे ऐकू येते. त्यांचा रिपीटरच ती उचलून सगळ्यांना ऐकवतो, की तुमच्या रिपीटरच्या आसपास राहणाऱ्या त्यांच्या लोकांच्याच रेडिओवर येते? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. पहिल्या प्रकारात घोटाळा त्यांच्या इनपुटवर होतो आणि तो तुमच्या सभासदांच्या हँडसेटमधून जातो, कारण तुमचं इनपुटही त्यांच्या इनपुटपासून १२.५ किलोहर्ट्झवरच आहे. तिथे तुमच्या ट्रान्समीटरचा ट्रिमर कितीही फिरवा, काडीचा फरक पडणार नाही. खात्री करायची असेल तर तुमचा ट्रान्समीटर दहा मिनिटं बंद ठेवा आणि दोघातिघांना इनपुटवर आळीपाळीने बोलायला सांगा. त्यांच्याकडे चरचर चालूच राहिली, तर कुणाच्या पाळीला ती होते हेही त्याच दहा मिनिटांत कळतं.

आता आकडे. डेव्हिएशन म्हणजे कॅरियर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) मधल्या फ्रिक्वेन्सीपासून एका बाजूला जास्तीत जास्त किती सरकतो ते. ‘५ किलोहर्ट्झ’ म्हणजे वर ५ आणि खाली ५. काही मीटर आणि एसडीआरची (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या रेडिओची) सॉफ्टवेअरं टोकापासून टोकापर्यंतचा आकडा दाखवतात, तो १० येतो. मग कुणीतरी घाबरून निम्मं करतो. हा गोंधळ इतक्यांदा पाहिलाय की मीटर कुठल्या पद्धतीने मोजतो हे मी प्रत्येक वेळी पहिल्यांदा बघतो.

सिग्नलची रुंदी काढायला कार्सनचा नियम पुरतो: डेव्हिएशन आणि सर्वांत उंच ऑडिओ फ्रिक्वेन्सी यांची बेरीज करायची आणि दुप्पट करायची. डेव्हिएशन ५ आणि आवाज ३ किलोहर्ट्झपर्यंत, तर रुंदी १६. डेव्हिएशन २.५, तर ११. (गंमत म्हणजे १९२२ साली ज्या निबंधात कार्सनने हे गणित मांडलं, त्यात एफएममुळे फायदा काहीच होत नाही असाच त्याचा निष्कर्ष होता. त्याचा नियम आपण एफएमसाठीच रोज वापरतो.)

हे तुमच्या १२.५ वर बसवून बघा. तुमचं डेव्हिएशन ५ असेल तर सिग्नल मध्यापासून ८ किलोहर्ट्झपर्यंत पसरतो. शेजाऱ्याच्या रिसीव्हरला जुना १५ किलोहर्ट्झचा रुंद फिल्टर असेल, तर त्याची अलीकडची कड तुमच्या मध्यापासून फक्त ५ किलोहर्ट्झवर येते. म्हणजे ३ किलोहर्ट्झ तुम्ही सरळ त्याच्या अंगणात आहात. तुम्ही २.५ वर आलात तर पसारा ५.५ पर्यंत येतो. म्हणजे अगदी कड घासते, बाकी काही नाही. त्यानेही अरुंद फिल्टर बसवला तर दोघांच्या मध्ये चक्क मोकळी जागा राहते. चॅनेलमधलं अंतर २० किंवा २५ किलोहर्ट्झ असतं तर ५ वर कुणाचीच तक्रार आली नसती. १५ ला प्रकरण काठावर असतं. तिथे मी एकूण ४ ते ४.५ च्या वर जात नाही.

म्हणून उत्तर असं: १२.५ च्या शेजारात एकूण कमाल २.५ किलोहर्ट्झ. ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा. त्यात आवाज, सीटीसीएसएस टोन (समोरचा रिसीव्हर उघडायला आवाजाखाली सतत जाणारा खोल सूर), ओळखीचा मोर्स, शेवटचा बीप, सगळं आलं.

आता आवाज बसल्याची गोष्ट. रुंद रिसीव्हरवर डेव्हिएशन ५ वरून २.५ केलं की आवाज ६ डेसिबलने पडतो आणि कमजोर सिग्नलवर खरखर तेवढीच जास्त वाटते. हे होणारच. ज्यांचे रेडिओ मेनूमध्ये ‘वाइड’वर आहेत त्यांनी ते ‘नॅरो’वर आणले की आवाजाची उंची परत मिळते. हे सभासदांना आधीच सांगायचं असतं, नाहीतर पुढची साखळी सुरू होते: नॅरो हँडसेटवाला रुंद रिपीटरवर निम्म्या आवाजात येतो, रिपीटर सांभाळणारा कनवाळूपणे रिपीट ऑडिओ वाढवतो, मग वाइडवाले फाटायला लागतात, मग कुणीतरी लिमिटरचा ट्रिमर ‘जरासा’ उघडतो. शेजाऱ्याचा फोन त्यानंतरच्या आठवड्यात येतो. तुमच्याकडेही बहुधा असंच झालं असावं. ५ चा रिपीटर आणि २.५ चे रेडिओ एकाच चॅनेलवर नांदवायचा प्रयत्न करू नका. सगळ्यांनी एक दिवस ठरवून एकदम बदला.

इथे दोन ट्रिमरमधला फरक नीट समजून घ्या, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. ट्रान्समीटरमध्ये ऑडिओची वाट साधारण अशी असते: आधी ऑडिओ किंवा माइक गेन, मग प्री-एम्फसिस (उंच सुरांना उचलणारा भाग), मग लिमिटर (शिखरं छाटणारा भाग), मग ३ किलोहर्ट्झच्या वरचं कापणारा लो-पास फिल्टर आणि शेवटी डेव्हिएशनचा ट्रिमर. गेन लिमिटरच्या आधी असतो. तो वाढवला तर कमाल डेव्हिएशन वाढत नाही. आवाज लिमिटरवर जास्त वेळ आपटतो, दाट आणि रेटल्यासारखा होतो, पंख्याचा आणि गाडीचा आवाजही पुढे येतो. कमाल किती जायचं हे डेव्हिएशनचा ट्रिमर ठरवतो. एकदा मोजून बसवल्यावर त्याच्याकडे पुन्हा जायचं कारण नाही. ‘आवाज कमी आहे’ या तक्रारीवर तो फिरवायचा नसतो.

आता ती गोष्ट, जी मला स्वतःला अख्खा एक हंगाम छळून गेली. आमच्याकडे डेव्हिएशन मीटर व्यवस्थित आकडा दाखवत होता, कमाल मर्यादेत होती, तरी शेजारी ओरडत होते. आणि गंमत अशी की ते ओरडायचे कमजोर स्टेशन बोलायचं तेव्हा. जवळचा, ठणठणीत सिग्नल असला की शांतता. दोन महिने आम्ही त्यांच्याच रिसीव्हरला नावं ठेवली. शेवटी कंट्रोलरची (रिसीव्हर आणि ट्रान्समीटर जोडणाऱ्या पेटीची) वायर हाताने मागे मागे शोधत गेल्यावर कळलं. रिसीव्हरचा ऑडिओ थेट डिस्क्रिमिनेटरवरून (एफएममधून ऑडिओ काढणाऱ्या भागावरून) घेतला होता आणि ट्रान्समीटरला तो ९६०० बॉडच्या डेटा पोर्टमधून दिला होता. ते कुणा परक्याने नव्हतं केलं, जोडणी मीच केली होती.

ही जोडणी दिसायला फार सुटसुटीत असते. ऑडिओ सपाट येतो, सपाट जातो, आवाजही छान लागतो. पण डेटा पोर्ट माइकचा लिमिटर आणि त्यामागचा लो-पास फिल्टर दोन्ही टाळून सरळ मॉड्युलेटरला भिडतो, आणि डिस्क्रिमिनेटरवर ३ किलोहर्ट्झच्या कितीतरी वरची खरखर उघडी असते. सिग्नल कमजोर झाला की ती खरखर वाढते आणि जशीच्या तशी कॅरियरवर चढते. कार्सनच्या बेरजेत डेव्हिएशन तेच राहिलं, पण दुसरी संख्या ३ ची ७ किंवा ८ झाली. आमचा मीटर स्वतः ऑडिओवर ३ किलोहर्ट्झचा फिल्टर लावून मोजत होता, म्हणून त्याला यातलं काही दिसतच नव्हतं.

लिमिटर आहे पण त्याच्यामागे फिल्टर नाही, अशा जोडणीतही हेच होतं. घरगुती कंट्रोलरमध्ये दोन डायोड उलटसुलट लावून ‘लिमिटर’ केलेला असतो, तिथे हे नेहमी सापडतं. छाटलेल्या लाटेला कोपरे येतात. २.५ किलोहर्ट्झचा सूर छाटला की ७.५ चा तिसरा हार्मोनिक तयार होतो. तो मूळ सुरापेक्षा बराच लहान असला तरी शेजारच्या चॅनेलमध्ये ऐकू यायला पुरेसा असतो. ‘स’ आणि ‘श’ या अक्षरांवर चरचर उठते का, हे शेजाऱ्यांना कान देऊन ऐकायला सांगा. प्री-एम्फसिस उंच सुरांना प्रत्येक सप्तकाला ६ डेसिबल उचलतो, त्यामुळे सर्वांत आधी लिमिटरवर ही शकारयुक्त अक्षरंच आपटतात. उत्तर ‘हो’ असेल तर फिल्टर शोधायला लागा.

मोजायचं कशाने? एचपी ८९२० किंवा आयएफआर १२०० सारखा सर्व्हिस मॉनिटर कुणाकडे असेल तर मागून आणा. मोजताना डी-एम्फसिस (प्री-एम्फसिसच्या उलट, उंच सूर परत खाली आणणारा भाग) बंद, ऑडिओ फिल्टर १५ किलोहर्ट्झचा किंवा त्याहून रुंद, आणि वरचा व खालचा शिखर-आकडा वेगवेगळा वाचा. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर मॉड्युलेटर एका बाजूला छाटतोय किंवा फ्रिक्वेन्सीच सरकलेली आहे.

मॉनिटर नसेल तर बेसेल नल वापरा. शंभर टक्के भरवशाची आणि फुकट पद्धत आहे. शुद्ध साइन सुराने मॉड्युलेट केलेल्या एफएममध्ये, डेव्हिएशन भागिले सुराची फ्रिक्वेन्सी हा भागाकार २.४०५ झाला की कॅरियर नाहीसा होतो. सगळी शक्ती साइडबँडमध्ये जाते. २.५ किलोहर्ट्झ हवं असेल तर सूर १०४० हर्ट्झचा घ्या. ५ हवं असेल तर २०७९ चा.

करून बघायची रीत अशी. ट्रान्समीटर डमी लोडवर (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणाऱ्या रोधावर) ठेवा आणि टोन बंद करा. एखादा मल्टिमोड रिसीव्हर सीडब्ल्यूवर (मोर्सच्या मोडवर), ५०० हर्ट्झच्या अरुंद फिल्टरवर ठेवा आणि विनामॉड्युलेशन कॅरियर लावून शिट्टी ऐका. अँटेनाच्या जागी तारेचा एक तुकडा पुरतो. जास्त सिग्नल दिलात तर रिसीव्हर भांबावतो आणि शिट्टी कधीच मरत नाही. आता १०४० हर्ट्झचा सूर शून्यापासून हळूहळू वाढवत न्या. शिट्टी आधी थोडी दबते, मग झपाट्याने खाली जाते आणि एका जागी पूर्ण बुडते. ट्रिमर केसभर पुढे नेला की पुन्हा वर येते. ती बुडाली तिथे डेव्हिएशन बरोबर २.५. शून्यापासूनच सुरुवात करायची, कारण ५.५२० या भागाकाराला दुसरा नल आहे. वरून खाली आलात तर आधी तोच सापडतो आणि तुम्ही खुशीत ५.७ किलोहर्ट्झवर शिक्का मारून घरी जाता.

एक खाच मात्र आहे. हा नियम शुद्ध साइन लाटेचा आहे. लिमिटरमध्ये छाटलेल्या लाटेवर नल बघून कमाल डेव्हिएशन बसवलंत तर चूक होते. म्हणून मी नल फक्त मोजपट्टी आखायला वापरतो. रुंद फिल्टरचा कुठलाही एफएम रिसीव्हर घ्या, त्याच्या डिस्क्रिमिनेटरवर ऑसिलोस्कोप लावा, आणि नल साधलेल्या क्षणी पडद्यावर लाट टोकापासून टोकापर्यंत किती व्होल्ट आहे ते लिहून ठेवा. समजा ४०० मिलिव्होल्ट आली. म्हणजे ४०० ला २.५ किलोहर्ट्झ. पुढे आवाजावर लाट ५६० पर्यंत उसळताना दिसली तर ते ३.५ झालं. स्वस्त एसडीआर डोंगलनेही हे जमतं. गेन कमी ठेवा, फिल्टर २५ किलोहर्ट्झचा ठेवा आणि मोजपट्टी तशीच नलवरून आखून घ्या.

मोजपट्टी हातात आली की क्रम चुकवू नका. आधी फ्रिक्वेन्सी. कॅरियर सरकलेला असेल तर डेव्हिएशन कितीही नेमकं असो, एका बाजूने तुम्ही शेजाऱ्याच्या जवळच जाता. दोन मीटरवर २.५ पीपीएमची (दहा लाखांत २.५ भागांची) चूक म्हणजे ३६० हर्ट्झ, चालून जाते. पण ४३५ मेगाहर्ट्झवर तीच चूक जवळपास १.१ किलोहर्ट्झ होते आणि अरुंद चॅनेलमध्ये ती खूप आहे.

मग कमाल. टोन बंद, १ किलोहर्ट्झचा सूर द्या, पातळी नेहमीच्या बोलण्याच्या २० डेसिबल वर न्या म्हणजे लिमिटर पूर्ण आवळला जाईल, आणि सूर ३०० पासून ३००० हर्ट्झपर्यंत फिरवून बघा. जिथे सर्वांत मोठा आकडा येतो तिथे ट्रिमर २.१ किलोहर्ट्झवर बसवा. नंतर सीटीसीएसएस एकट्याने चालू करून ३५० हर्ट्झ डेव्हिएशनला आणा. दोन्ही मिळून २.४५ होतात, मर्यादेत. रुंद चॅनेलवर हेच आकडे ४.३ किलोहर्ट्झ आणि ६०० हर्ट्झच्या आसपास असतात. नॅरोवर जाताना टोन कमी करायला पुष्कळजण विसरतात. ७०० हर्ट्झचा टोन अरुंद रिसीव्हरच्या स्पीकरमध्ये गुंगुं ऐकू येतो आणि आवाजाची जागा खातो ती वेगळीच.

टोनबद्दल आणखी एक. सभासदाकडून आलेला टोन रिपीटरने ३०० हर्ट्झच्या हाय-पास फिल्टरने काढून टाकायचा असतो आणि बाहेर जाताना स्वतःचा नवा घालायचा असतो. आलेला टोन तसाच निसटला तर दोन टोन एकमेकांवर चढतात. फ्रिक्वेन्सी जवळजवळ सारखीच असल्यामुळे ते कधी जुळतात, कधी एकमेकांना खातात, आणि ऐकणाऱ्यांचे रेडिओ मधेच बंद-चालू होतात. त्याचा दोष सहसा बिचाऱ्या डिकोडरवर जातो.

सर्वांत शेवटी रिपीट ऑडिओ. इनपुटवर चांगल्या तगड्या सिग्नलवर १ किलोहर्ट्झचा सूर १.५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनने द्या आणि कंट्रोलरचा गेन असा बसवा की बाहेरही १.५ च मिळेल. आत जेवढं तेवढंच बाहेर. नंतर तेच ५०० आणि २००० हर्ट्झवर करून बघा. डेसिबल-दोन डेसिबल इकडेतिकडे चालतं. पण २००० वर दुप्पट आणि ५०० वर निम्मं आलं, तर प्री-एम्फसिस दोनदा लागतोय किंवा डी-एम्फसिस कुठेतरी राहून गेलाय. असा रिपीटर ऐकायला कर्कश असतो आणि लिमिटर कायम रडत असतो. गेनने ते सुधारत नाही, जोडणीच बदलावी लागते.

हळू बोलणाऱ्यांना वर उचलायला काहीजण मध्ये ऑटोमॅटिक गेन घालतात. मी घालत नाही. बोलण्याच्या मधल्या फटीत तो खरखरही तितक्याच प्रेमाने उचलतो. माणसाला माइक तोंडाजवळ धरायला सांगणं सोपं.

मोर्सची ओळख आणि बीप यांना ८०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झ डेव्हिएशन पुरे. दर बोलण्याच्या शेवटी पूर्ण डेव्हिएशनचा बीप मारणारे रिपीटर असतात. शेजाऱ्याला आधी तोच ऐकू येतो, कारण तो सुटा, शुद्ध आणि नेमाने येणारा असतो.

आता उलट बाजूचा त्रास. तुम्ही रिसीव्हरही नॅरो केलात आणि एखादा सभासद अजून ५ वरच बोलतोय, तर त्याच्या आवाजाच्या शिखरांवर सिग्नल फिल्टरच्या बाहेर जातो, डिस्क्रिमिनेटरवर फाटतो, आणि त्या फाटण्यातले उंच सूर स्क्वेल्चला (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणाऱ्या सर्किटला) खरखरीसारखे दिसतात. स्क्वेल्च मिटतो. ऐकणाऱ्याला वाटतं त्याचा सिग्नल तुटतोय, म्हणून तो आणखी जोरात बोलतो, आणि आणखी तुटतो. त्याला पॉवर वाढवायला सांगू नका. मेनूत वाइड-नॅरो बघायला सांगा, आणि तोवर माइक चार बोटं लांब धरायला सांगा. २०१३ पासून अमेरिकेत व्यावसायिक सेवांना १२.५ किलोहर्ट्झवर जावं लागलं. त्यानंतर बाजारात आलेली व्यावसायिक यंत्रं कुणी रिपीटर म्हणून लावली, तर ती मुळातच नॅरोवर बसवलेली असू शकतात. सभासदांच्या जुन्या रेडिओंशी त्यांचं पहिल्याच दिवशी असं भांडण होतं.

तुमचा पहिला प्रयोग जर सांगत असेल की चरचर इनपुटवरून जाते, तर वरचं बहुतेक सगळं करूनही शेजारी शांत होणार नाहीत. मग क्लबच्या एखाद्या सकाळी टेबलावर तोच रिसीव्हर आणि तोच स्कोप मांडा, आणि प्रत्येकाला आपला हँडसेट कमी पॉवरवर, डमी लोड लावून, त्यासमोर बोलायला लावा. ‘सहा शेंगा, सात शेंगा’ असं काहीतरी म्हणायला सांगा, म्हणजे ‘स’ आणि ‘श’ दोन्ही येतात. कुणाचं ६ येईल, कुणाचं १.२. ज्याचं ६ येतं तो बहुधा वाइडवर असतो आणि त्याने स्वतः कधीतरी रेडिओ उघडून ट्रिमर फिरवलेला असतो. आमच्याकडे तरी तसंच निघालं.

सगळं झाल्यावर कमाल, टोन, रिपीट गेन आणि मोर्स हे चार आकडे तारखेसकट कागदावर लिहून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवा. डेव्हिएशनच्या ट्रिमरवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका. पुढच्या वेळी कुणी ‘आवाज कमी आहे’ म्हणून दार उघडेल, तेव्हा थेंब फुटलेला आहे की नाही हे तरी कळेल.